मूल दुरावू लागल्यास काय करावे: विभक्त पालकांसाठी

विभक्त झाल्यानंतर मूल आई-वडिलांपैकी एकाशी बोलेनासे झाले, की समोरच्याने त्याचे कान भरले असा संशय येणे स्वाभाविक आहे. तो पुष्कळदा खराही असतो. तरीही आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मुलाने घरात आपल्याकडून मारहाण, व्यसन किंवा धमक्या पाहिल्या असतील, तर त्याची भीती कोणी पढवलेली नसते, आणि अशा वेळी समुपदेशकाच्या मदतीने आधी आपले वागणे सुधारावे लागते.

पढवलेला तिटकारा बहुधा मुलाच्या भाषेतून उघड होतो. सात वर्षांचे मूल 'तुम्ही पोटगी बुडवलीत' असे म्हणते, म्हणजे काय ते विचारले तर तेच वाक्य पुन्हा म्हणते, आणि ज्या आजीच्या मांडीवर ते वाढले तिचाही फोन घेत नाही. अशा वेळी 'कोणी सांगितलं तुला हे?' असे विचारणे म्हणजे मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. त्याऐवजी 'तुला राग आला आहे, हे मला कळतंय' एवढे म्हणावे, आरोप धडधडीत खोटा असेल तर एका शांत वाक्यात तसे सांगावे आणि डब्यात काय होते, वर्गात शेजारी कोण बसते, या त्याच्या जगातल्या गोष्टींकडे वळावे. भेटीचा वेळ मुलाचा असतो. त्या वेळी समोरच्या पालकाची चौकशी करू नये आणि महागड्या भेटवस्तूंची चढाओढही लावू नये. मूल बोलले नाही तरी ठरलेल्या वेळी फोन करणे आणि भेटीला जाणे सोडू नये, कारण आपण एकदा जाणे थांबवले, की 'बघ, त्यांना तू नकोच होतास' हे वाक्य मुलाला पटू लागते.

न्यायालयात मात्र नुसता दुःखाचा पाढा पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या प्रकरणात पालकाविरुद्ध मुलाचे मन कलुषित होण्याची गंभीर दखल घेतली. पण २०२४ साली, कर्नल रमनीश पाल सिंग यांच्या प्रकरणात, विशिष्ट घटना दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर असा शिक्का घाईने मारू नये, असेही बजावले. माझ्या मते हा दुसरा निकाल प्रत्येक अर्जदाराने आधी समजून घ्यावा. म्हणून 'ती मुलाला भडकवते' किंवा 'तो मुलीला तोडतो आहे' असे मोघम लिहिण्याऐवजी तारीखवार वही ठेवावी: कोणत्या दिवशी भेट ठरली होती, कुठे आणि किती वेळ वाट पाहिली, काय कारण कळवले गेले, मूल नेमक्या कोणत्या शब्दांत काय बोलले. मोबाइलवरचे संदेश खोडू नयेत. ते पुराव्यात द्यायचे असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, ते कोणत्या उपकरणातून कसे घेतले हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे वकिलांना आधीच विचारून घ्यावे. मुलाचे बोलणे चोरून रेकॉर्ड करू नये. त्याला ते कळले, तर उरलासुरला विश्वासही जाईल.

हिंदू विवाह कायद्याखाली खटला चालू असेल, तर कलम २६ नुसार त्याच न्यायालयाकडे मुलाच्या ताब्याबाबत व भेटीबाबत अंतरिम आदेश मागता येतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज केला असेल, तर असा अंतरिम आदेश मागायला कलम १२ उपयोगी पडते. यात उशीर करू नये, कारण भेटीशिवाय गेलेले महिने मुलाची सवय बनतात. मागणी काटेकोर असावी: आठवड्यातला वार, वेळ, ठिकाण, मूल कोण आणून सोडणार, व्हिडिओ कॉल किती वाजता, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी विभागायची. दुरावा वाढला असेल तर समुपदेशनाची विनंतीही करावी. आदेश होऊनही भेट नाकारली गेली, तर दारात तमाशा न करता ती घटना वहीत नोंदवून त्याच न्यायालयात अर्ज द्यावा आणि रागाच्या भरात पोटगी थांबवू नये. भेट नाकारली म्हणून पोटगीची जबाबदारी टळत नाही, आणि ती थकली तर मुलाला पढवलेले ते वाक्य आपणच खरे करतो.