परागकणांचा अंदाज, आपल्या गावापुरता

छोट्या गावासाठी दाखवला जाणारा परागकणांचा अंदाज बहुधा दूरच्या शहरातल्या मोजणीवर बेतलेला असतो. ॲप म्हणतं 'कमी', आणि इकडे सटासट शिंका! त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर बरं.

१. शिंका किंवा डोळ्यांची खाज सुरू झाली की त्या तारखेवर फुली मारा. शेजारी दोनच शब्द: वारा कसा होता, आसपास काय फुलोऱ्यावर आहे. (रंगीत फुलं सहसा निर्दोष असतात. गवताचे तुरे बघा, बोटाने टिचकी मारली की पिवळी धूळ उडते.)

२. पुढच्या वर्षी पहिल्या फुलीच्या २ आठवडे आधीच डॉक्टरांना गाठा. नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात.

३. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी कपडे घरातच वाळत घाला.

दमा असेल तर या हंगामात विजांच्या वादळात बाहेर थांबू नका, इनहेलर हाताशी ठेवा.