रॅक बसवायच्या आदल्या रात्री: कोणती बिटं काढून ठेवाल?

ड्रिलचं बिट निवडताना 'किती मिमी?' हा प्रश्न नंतरचा. भोक कशात पाडायचं आणि त्यात शेवटी काय बसणार, हे आधी ठरवा. समजा, स्वयंपाकघरात लोखंडी अँगलचा रॅक लावायचाय, फळ्या प्लायच्या आणि भिंतीला टाइल. एकाच रॅकसाठी निरनिराळी बिटं लागणार. ती रात्रीच काढून ठेवा, कारण रविवारी हार्डवेअरचं दुकान नेमकं बंद असतं.

अँगलला साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट पुरतं. एम ८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट नुसता आरपार जाणार असेल तर ९ मिमी घ्या. थोडी ढिलाई राहते आणि दोन्हीकडची भोकं जुळतात. त्यातच आटे पाडायचे असतील तर मात्र ६.८ मिमी, एम ६ साठी ५. बिटाच्या दांड्यावरचा आकडा पुसला असेल तर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, पण दांड्याला नाही, टोकाजवळच्या धारेला. खुणेवर खड्डा पाडायला सेंटर पंच आणि पहिल्या भोकासाठी ३ मिमीचं बिट सोबत ठेवा. ९ मिमीला मिनिटाला आठ-नऊशे फेरे भरपूर झाले, आणि मधूनमधून तेलाचा थेंब.

पट्टी स्टेनलेसची असेल तर हिशेब बदलतो. कोबाल्ट मिसळलेल्या स्टीलचं, १३५ अंशांच्या टोकाचं बिट, वेग निम्म्याहून कमी, दाब मात्र ठाम. बिट नुसतं घासत राहिलं की ती जागा कडक होते आणि मग पुढे सरकतच नाही. हे मी दोन चांगली बिटं जाळून शिकलो.

प्लायला मधोमध टोचणी असलेलं लाकडाचं बिट. मागे टाकाऊ फळी धरली की पापुद्रे उडत नाहीत. ४ मिमीच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा.

भिंतीचं काम दोन टप्प्यांत. टाइलला भाल्यासारख्या टोकाचं कार्बाइड बिट, खुणेवर मास्किंग टेप आणि ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर डायमंड बिट आणि पाणी. टाइल पार झाली की मगच मेसनरी (विटा-काँक्रीटचं) बिट लावून हॅमर चालू करा. ६ मिमीच्या गिट्टीला (स्क्रू धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगला) ६ मिमीचंच बिट. 'जरा मोठं पाडू' म्हणालात की गिट्टी आतच गरगर फिरते. खोलीची खूण म्हणून बिटाला टेपचा वेढा द्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो. आणि एसडीएस (खाचा असलेल्या) दांड्याचं बिट साध्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, बसत नाही, हे दुकानातच बघून घ्या.

डोळ्यांवर लावायला गॉगलही हाताशी ठेवा. ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात. चकची चावी कुठे आहे तेही आत्ताच बघा. सकाळी ती हमखास शेजाऱ्यांकडे निघते.