न कळवता कुणी आलं तर

इंदूरच्या विजयनगर, पलासियाकडच्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या ऑफिसात, ‘जरा बघायला आलोय’ म्हणत कुणीतरी दारात उभं राहतंच. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून रजिस्टर पुढे सरकवण्याआधी पाण्याचा ग्लास द्या. माणसाला आधी टेकू द्या, नाव-नंबर मागाहून लिहिता येतं.

एक खुर्ची कायम मोकळी ठेवा, चार्जिंग पॉइंटजवळची आणि दाराकडे तोंड असलेली. कोपऱ्यात बसवलेला पाहुणा अवघडून बसतो, हे मी कितीदा पाहिलंय! वायफायसाठी गेस्ट नेटवर्क वेगळंच हवं. मुख्य पासवर्ड दिलात, तर सभासदांचे प्रिंटर आणि शेअर केलेली फोल्डर्सही उघडी पडू शकतात. गेस्टचा पासवर्ड पुठ्ठ्यावर ठळक लिहून त्याच टेबलावर ठेवा, म्हणजे शेजारच्याला विचारत बसावं लागत नाही.

स्वच्छतागृह कुठे, फोनवर कुठे बोलायचं, तेही लगेच दाखवा. बाहेरगावचा असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबेही. इंदुरात यावर तडजोड नाही.

ओळख करून द्यायची ती चहाच्या वेळी. हेडफोन लावून बसलेल्याला त्यासाठी उठवू नका. आणि बोलण्यात मराठी डोकावली, तर सरळ म्हणा, ‘या, बसा.’