नाताळच्या जेवणासाठी डेव्हिल्ड एग्ज

कडक उकडलेली अंडी उभी कापून, त्यांतील बलक मेयोनीज, मोहरी आणि व्हिनेगर घालून कालवायचा, आणि तो पुन्हा त्याच पांढऱ्या वाट्यांत भरून थंडच वाढायचा, एवढीच डेव्हिल्ड एग्जची कृती आहे. अमेरिकेत ईस्टर, थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या जेवणात हा पदार्थ हमखास असतो. जेवणाचा आरंभ अंड्याने करण्याची रीत मात्र प्राचीन रोममधली आहे. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमधून मिस्सा आटोपून आलेल्या ठाण्यातील घरी दुपारी सोरपोटेल (डुकराच्या मांसाचा मसालेदार रस्सा) आणि फुगे (तळलेल्या गोल पुऱ्यांसारखा पाव) असे जड पदार्थ पानात येणार असतील, तर त्यांच्याआधी हा थंड, आंबट-तिखट घास फार शोभतो. शिवाय त्याची बहुतेक तयारी आदल्या दिवशी होत असल्याने ऐन सणाच्या सकाळी गॅसची एकही शेगडी त्यात अडकत नाही.

सारण बहुतेकांना चांगले जमते. पदार्थ बिघडतो तो उकडताना आणि सोलताना, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, अगदी ताजी अंडी या कामाची नव्हेत. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पातळ पापुद्र्याला घट्ट चिकटतो आणि सोलताना टरफलाबरोबर त्याचे लचके निघतात. अंडे जसे जुने होते, तसा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्या भागाची अल्कता (आम्लाच्या उलट गुणधर्म) वाढते आणि पापुद्र्याची पकड सुटते. म्हणून जांभळी नाक्यावरून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी नाताळच्या आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवावीत. अंड्याचे वय पाहायचे असल्यास ते पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडावे. तळाशी आडवे पडले तर ते ताजे आहे, तळाशीच पण उभे राहिले तर आपल्या कामाचे आहे, आणि पृष्ठभागावर तरंगू लागले तर ते टाकून द्यावे. गावठी अंड्यांचा मोह इथे आवरावा, कारण ती आकाराने लहान असतात आणि त्यांच्या वाटीत सारण जेमतेम मावते.

अंडी कुकरमध्ये शिट्ट्या काढून उकडण्याची सवय अनेक घरांत आहे, परंतु या पदार्थासाठी ती सोडावी. अंडे गरजेपेक्षा जास्त शिजले की पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट-करडे कडे उमटते. त्याने अपाय होत नाही, पण सारणाचा रंग मळकट होतो आणि वासही उग्र येतो. त्याऐवजी रुंद पातेल्यात पाणी आधी खळखळून उकळावे, आच मध्यम करावी आणि फ्रिजमधून काढलेली अंडी झाऱ्याने अलगद सोडून बारा मिनिटे ठेवावीत. थंड पाण्यात अंडी घालून दोन्ही एकत्र तापवण्यापेक्षा हे बरे, कारण एकदम उष्णता लागल्याने पांढरा भाग पापुद्र्यापासून सुटा राहतो. पहिली दोन मिनिटे झाऱ्याने पाणी हलके फिरवत राहिल्यास बलक मधोमध राहण्यास मदत होते. तो एका कडेला सरकला की वाटीची एक भिंत कागदाइतकी पातळ होऊन भरताना फाटते. घरात मोदकपात्र असेल तर माझी पसंती त्यालाच आहे. पाण्याला जोरदार वाफ आल्यावर चाळणीवर अंडी मांडून झाकण लावावे आणि बारा-तेरा मिनिटांनी काढावीत. वाफेवर अंडी एकमेकांवर आपटत नाहीत, त्यामुळे तडकण्याचे प्रमाणही कमी असते.

वेळ होताच अंडी बर्फ घातलेल्या पाण्यात टाकावीत आणि किमान दहा मिनिटे तिथेच राहू द्यावीत, म्हणजे आतले शिजणे थांबते. नंतर प्रत्येक अंडे ओट्यावर हलके ठोकून सर्व बाजूंनी टरफल तडकवावे आणि जाड टोकाकडून सोलण्यास सुरुवात करावी; तिथे हवेची पोकळी असल्याने पापुद्रा चटकन हाताशी येतो. सोलणे पाण्याखाली केल्यास बारीक तुकडेही निघून जातात. बारा वाट्या हव्या असतील तरी सहाऐवजी आठ अंडी उकडावीत, कारण एखाददुसरे फाटणार हे गृहीतच धरलेले बरे. जास्तीचा बलक सारणात घातल्याने वाट्याही भरगच्च दिसतात.

पातळ पात्याच्या सुरीने अंडी लांबीच्या दिशेने कापावीत आणि प्रत्येक कापानंतर पाते ओल्या फडक्याने पुसावे. बलक हलक्या हाताने भांड्यात काढावेत. वाटी ताटात डगमगू नये म्हणून तिच्या पाठीचा अगदी पातळ काप काढून टाकावा. यानंतरची युक्ती मराठी घरांना सहज जमण्यासारखी आहे : बलक पुरणयंत्रातून किंवा पुरणाच्या चाळणीवर घासून काढावेत. काट्याने कुस्करलेल्या बलकात गुठळ्या राहतात, त्या सारण भरण्याच्या पिशवीच्या तोंडाशी अडकतात आणि जोर लावला की सारण भसकन बाहेर येते. चाळलेल्या बलकाला असला त्रास नाही.

आठ बलकांसाठी चार मोठे चमचे मेयोनीज, दीड लहान चमचा तयार मस्टर्ड, एक लहान चमचा व्हिनेगर, मीठ आणि मिरपूड हे मूळ प्रमाण समजावे. आपल्याकडे दुकानांत मिळणारे बरेचसे मेयोनीज बिनअंड्याचे आणि काहीसे गोडसर असते. ते वापरल्यास व्हिनेगर अर्धा चमचा वाढवावे, किंवा चारपैकी दीड चमचा मेयोनीज वगळून तेवढा घट्ट चक्का घालावा. चक्क्याने आंबटपणा येतो आणि सारण सैलही होत नाही; साध्या दह्याने मात्र पाणी सुटते. कच्च्या अंड्याचे घरगुती मेयोनीज या पदार्थात वापरू नये, कारण तो बराच वेळ बाहेर राहतो आणि साल्मोनेला या जंतूंचा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. तयार मस्टर्ड नसल्यास मोहरीची पूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. मोहरीचा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो, आणि गरम पाण्याने तो मारला जातो. कांदा बारीक चिरून घालण्याचा आग्रह पुष्कळांचा असतो. मी त्याच्या विरुद्ध आहे, कारण तासाभरात कांद्याला पाणी सुटून सारण पातळ होते. मीठ जिभेला किंचित जास्त वाटेल इतके असावे, कारण थंड झाल्यावर चव मंदावते.

घरात ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती समाजाचा) बाटली मसाला असेल, तर अर्धा लहान चमचा मसाला चमचाभर कोमट लोण्यात कालवून सारणात मिसळून पाहावा. त्याचा रंग आणि सुवास या बलकाला उत्तम मानवतो. वरून भुरभुरण्यासाठी पाश्चात्त्य कृतींत गोडसर पॅप्रिका सांगतात. तिच्या जागी काश्मिरी मिरचीची पूड चालते, पण ती पॅप्रिकेपेक्षा तिखट असल्याने चिमटीतून अगदी बेताने सोडावी.

भरण्याची वेळ महत्त्वाची आहे. आदल्या संध्याकाळी अंडी उकडून, सोलून, कापून घ्यावीत. वाट्या किंचित ओल्या कापडाने झाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि सारण प्लास्टिकच्या जाड पिशवीत भरून, आतली हवा काढून, फ्रिजमध्ये ठेवावे. वाढण्यापूर्वी अर्धा तास पिशवीचा कोपरा कापून वाट्या भराव्यात. रात्रीच भरून ठेवलेल्या अंड्यांच्या सारणावर कोरडी साय धरते आणि वाटीच्या कडेला पाणी साचते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी-नेरुळच्या नातेवाइकांकडे पदार्थ न्यायचा असेल, तर हीच विभागणी उपयोगी पडते. वाट्यांचा डबा आणि सारणाची पिशवी बर्फाच्या पॅकसह वेगवेगळी न्यावीत आणि भरण्याचे काम तिथे पोहोचल्यावर करावे, कारण भरलेली अंडी गर्दीच्या डब्यात एका धक्क्यात उलटतात.

ताटात बारीक चिरलेल्या कोबीचा थर पसरून त्यावर वाट्या मांडाव्यात, म्हणजे त्या घसरत नाहीत. वर काश्मिरी मिरची आणि कोथिंबिरीचे एखादे पान पुरे. मार्गशीर्षातला गुरुवार त्याच दिवशी आला असेल, तर शेजारच्या पाहुण्यांना आधी विचारून ठेवावे आणि त्यांच्या पदार्थांचे ताट आणि चमचे निराळे ठेवावेत. डिसेंबर असला तरी आपल्याकडची दुपार उबदारच असते, तेव्हा अंडी एकदम सगळी न मांडता थोडी-थोडी फ्रिजमधून काढावीत. टेबलावर दोन तासांहून अधिक राहिलेली अंडी परत फ्रिजमध्ये न ठेवता टाकून द्यावीत. फ्रिजमध्येच राहिलेले सारण आणि फाटलेल्या वाट्या एकत्र चिरून दुसऱ्या दिवशी सकाळी पावात घालता येतात.