पियानोचा खासगी क्लास: नोटेशन, नोंदी, फी आणि रेकॉर्डिंग हाताशी कसं ठेवावं

घरी पियानो शिकवणाऱ्याकडे दहा-बारा विद्यार्थी असतात तोवर सगळं डोक्यात राहतं. वीस झाले की विसरायला होतं. कुणाला कोणतं फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटाने) सांगितलं, कुणाचा भरपाईचा तास राहिला, कुणाची फी आली, काही आठवत नाही. मग ॲपमागून ॲप घेतलं जातं आणि माहिती चार ठिकाणी विखुरते. नवीन ॲप घेण्याआधी एक कसोटी ठरवून घ्या: विद्यार्थी स्टुलावर बसून उंची जुळवतोय, तेवढ्या वेळात मागच्या तासाची नोंद आणि आजचं नोटेशन तुमच्यासमोर उघडलं पाहिजे. ज्या व्यवस्थेत हे जमतं ती चांगली, मग ती फुकटची असो वा विकतची.

त्यासाठी गुगल ड्राइव्ह, एक शीट आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक डॉक्युमेंट एवढं पुरतं. क्लाससाठी वेगळं गुगल खातं काढा. फुकट मिळणारी १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो यांच्यात सामाईक असते. घरचे फोटो त्याच खात्यात असतील तर ऐन परीक्षेच्या महिन्यात जागा भरते, आणि पालकांच्या मेलही येईनाशा होतात.

ड्राइव्हमध्ये पाचच फोल्डर करा: विद्यार्थी, नोटेशन, परीक्षा, हिशेब, जुने. नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे लावले की क्रम कायम राहतो. नोटेशन कधीही विद्यार्थ्याच्या फोल्डरमध्ये टाकू नका. एकच कृती सहा मुलं वाजवत असतील तर सहा प्रती होतात, फिंगरिंगची दुरुस्ती एकीत होते आणि उरलेल्या पाच चुकीच्याच राहतात. मूळ फाइल नोटेशनमध्ये ठेवा आणि विद्यार्थ्याच्या डॉक्युमेंटमध्ये तिची फक्त लिंक द्या.

फाइलच्या नावाचा क्रम असा: संगीतकाराचं आडनाव, ओपस (रचनासंग्रहाचा आकडा), त्यातला क्रमांक, कृतीचं नाव, आवृत्ती. उदाहरणार्थ, ‘बुर्गम्युलर_ओपस१००_०२_अराबेस्क_स्वच्छप्रत’. नावं एकाच लिपीत ठेवा. इंटरनेटवरून येणाऱ्या फाइली रोमन लिपीत असतात, त्यामुळे बहुतेकांना तीच सोयीची पडते. निम्मी नावं देवनागरीत असली तर ‘बाख’ शोधल्यावर निम्मेच बाख सापडतात. क्रमांक ०२ असाच लिहा, कारण काही ॲप १ नंतर १०, ११ आणि मग २ अशी मांडणी करतात. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘नवीन२’ हे शब्द नावात येऊ देऊ नका. फरक तारखेने दाखवा, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

नोटेशन कुठून घ्यावं

आयएमएसएलपी हे २००६ पासून चालू असलेलं नोटेशनचं मोफत ऑनलाइन भांडार आहे. चेर्नी, बुर्गम्युलर, शूमान, बाख यांचं सुरुवातीच्या वर्गांना लागणारं जवळजवळ सगळं तिथे मिळतं. मात्र एक अडचण नीट समजून घ्या. ते कॅनडातून चालतं आणि तिथला हक्काचा (कॉपीराइटचा) काळ आपल्यापेक्षा वेगळा आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बार्टोक १९४५ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या कृती इथे २००६ पासून मोकळ्या झाल्या. प्रोकोफिएव्ह १९५३ मध्ये, त्यांच्या २०१४ पासून. स्ट्राविन्स्की १९७१ मध्ये वारले. त्यांच्या कृती कॅनडात मोकळ्या आहेत, पण भारतात २०३१ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. काबालेव्स्की यांच्या मुलांसाठीच्या छोट्या कृती सगळ्या क्लासमध्ये वाजतात, पण ते १९८७ मध्ये वारले, म्हणून त्यांचं पुस्तक विकतच घ्यावं लागतं. जुन्या संगीतकाराच्या नव्या आवृत्तीतही संपादकाच्या कामाचा हक्क वेगळा असू शकतो. छापील पुस्तक आहे म्हणून ते स्कॅन करून सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. परीक्षेला तर परवानगीशिवाय काढलेली झेरॉक्स चालतच नाही.

आयएमएसएलपीवर एकाच कृतीच्या पाच-सहा प्रती असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकांनी स्वतःच्या आवडीचे स्लर (स्वर जोडण्याच्या खुणा), पेडल आणि डायनॅमिक्स (आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा) घातलेल्या प्रती त्यांत खूप आहेत. उतरवण्याआधी संपादकाचं नाव आणि प्रकाशनाचं वर्ष पाहा आणि बरोक काळातली, म्हणजे बाखच्या वेळची, कृती असेल तर पेडलच्या खुणांनी भरलेली प्रत बाजूला ठेवा.

स्वतः सराव लिहायला म्युझस्कोअर घ्या. इथे नवख्यांची नेहमी गफलत होते. नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. त्याच नावाची लोकांचे स्कोअर ठेवणारी वेबसाइट मात्र उतरवण्यासाठी वर्गणी मागते. सॉफ्टवेअरसाठी पैसे मागणारं पान दिसलं तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. चार मेझरचा (तालाच्या चार घरांचा) सराव सी मेजरमध्ये लिहिला की तो बाकीच्या स्वरांत बदलायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफबरोबर म्युझिकएक्सएमएल या सामाईक फाइल-प्रकारातली प्रतही काढून ठेवा, म्हणजे पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही फाइल उघडता येईल.

छापील पुस्तकाचं पान स्वतःच्या वापरासाठी स्कॅन करताना ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल पुरे. शुद्ध काळं-पांढरं केलं की स्टाफच्या (स्वर लिहायच्या पाच ओळींच्या) बारीक रेषा तुटतात, रंगीत केलं तर फाइल उगाच जड होते. बरीच संगीताची पुस्तकं ९ बाय १२ इंचांची, म्हणजे ए-४ पेक्षा रुंद असतात. ए-४ स्कॅनरवर उजवीकडचं शेवटचं मेझर किंवा डावीकडचा क्लेफ कापला जातो. अशा पुस्तकांसाठी फोनवरचं स्कॅनिंग बरं: पुस्तक सपाट दाबून, खिडकीच्या उजेडात, फोन पानाला समांतर धरून. आयपॅडवर वाचायला फोरस्कोअर आणि अँड्रॉइडवर मोबाइलशीट्स ही दोन्ही ॲप भरवशाची आहेत. पण तुमच्या खुणा ॲपमध्येच अडकून राहतात. दर सत्राच्या शेवटी खुणांसकट पीडीएफ काढून ड्राइव्हमध्ये ठेवा.

तासाची नोंद

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक डॉक्युमेंट, नवी नोंद सगळ्यात वर. लिहायची वेळ म्हणजे तासाची शेवटची दोन मिनिटं, विद्यार्थी बसलेला असतानाच. रात्री लिहायचं ठरवलं की सहा तासांची खिचडी होते.

‘अराबेस्क – बरं, सराव हवा’ ही नोंद निरुपयोगी आहे. उपयोगी नोंद अशी दिसते:

‘अराबेस्क, मधला भाग, पाव ठोक्याचे (सोळावे) स्वर डाव्या हातात. ६६ वर स्वच्छ, ७२ वर पहिल्याच मेझरला अंगठा दाबला जातो आणि मनगट खाली जातं. घरी: डावा हात एकटा, ६० वर, रोज ५ वेळा, नंतर ६६. पुढच्या तासाला आधी हेच ऐकायचं.’

यात जागा, हात, टेम्पो (६६ म्हणजे मिनिटाला ६६ ठोके), काय बिघडतं आणि पुढचा तास कुठून सुरू करायचा हे सगळं आलं. शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. मेझरचा क्रमांक लिहायचा असेल तर विद्यार्थ्याच्याच पुस्तकातला लिहा. पहिलं आणि दुसरं एंडिंग (पुन्हा वाजवताना बदलणारा शेवट) मोजण्याची पद्धत आवृत्तीगणिक बदलते, आणि तुमचा १४ त्याच्या पुस्तकात १३ निघतो. मग मूल आठवडाभर चुकीचं मेझर घोटून येतं, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

हे डॉक्युमेंट पालकांना फक्त पाहण्यापुरतं शेअर करा, तेही त्यांच्या मेलवर. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय नको, कारण लिंक ग्रुपमध्ये पुढे पाठवली जाते. पालकांनी वाचू नये असं काही असेल तर ते तुमच्या शीटमध्ये लिहा.

परीक्षेच्या विद्यार्थ्यासाठी नोंदीत एक ओळ वाढवा: आज कशाला किती मिनिटं दिली. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० गुण असतात: तीन कृतींना प्रत्येकी ३०, स्केल २१, साइट-रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन वाजवणं) २१, ऑरल (ऐकून ओळखणं) १८. उत्तीर्ण व्हायला १००. म्हणजे ६० गुण कृतींच्या बाहेर आहेत, आणि बहुतेक क्लासमध्ये त्यांना शेवटचे दोन आठवडे मिळतात. महिनाभराची मिनिटं बेरजेत पाहिली की हे लगेच कळतं. ग्रेड ६ पासून पुढे जायला तिथे ग्रेड ५ थिअरी किंवा मंडळाने मान्य केलेला तिचा पर्याय लागतो. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात अशी अट नाही. ग्रेड ४ झाल्या झाल्या थिअरीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर तयारी झालेलं मूल केवळ एका कागदासाठी सहा महिने थांबतं.

फी आणि हजेरी

शीटमध्ये महिन्याला एक रकाना करू नका. प्रत्येक तासाला एक ओळ करा: तारीख, नाव, मिनिटं, स्थिती. स्थितीसाठी ड्रॉपडाउन लावा आणि त्यात चारच पर्याय ठेवा: झाला, न कळवता गैरहजर, रद्द, भरपाई. हाताने लिहिलं की ‘झाला’, ‘झाले’, ‘हो’ असे तीन प्रकार होतात आणि मोजणी चुकते. दुसऱ्या पानावर फी: तारीख, नाव, रक्कम, किती तासांची, व्यवहार क्रमांक. शिल्लक तास म्हणजे भरलेले तास वजा झाला, न कळवता गैरहजर आणि भरपाई यांची बेरीज. अटींनुसार ओळी मोजणाऱ्या काउंटइफ्स सूत्राने ती आपोआप निघते.

शीट उघडताच सेटिंग्जमध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) भारत करा. ते अमेरिका राहिलं तर ०७/०८ ही तारीख ७ ऑगस्टऐवजी ८ जुलै धरली जाते आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा साधा मजकूर म्हणून पडून राहतात. कोणतंही सूत्र मग त्यांना मोजत नाही. एकूण आकडा कमी येऊ लागला की आधी हेच तपासा.

यूपीआयने फी येते ती कधी आजोबांच्या, कधी मामांच्या खात्यावरून. नावावरून विद्यार्थी ओळखू येत नाही. पालकांना शेऱ्यात मुलाचं नाव आणि महिना लिहायला सांगा आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक त्याच दिवशी शीटमध्ये उतरवा. व्यवहार क्रमांकाचा रकाना आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं.

परदेशातल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकत असतील तर कॅलेंडरमध्ये तास मुलाच्या शहराच्या वेळेने लावा. भारतातले संध्याकाळचे ७ म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे ८:३० आणि उन्हाळ्यात ९:३०. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. मुलाची शाळा तिथल्या घड्याळाने चालते, म्हणून सरकायचं ते आपण. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, तेव्हा ४५ मिनिटांचा तास तिथे बसत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ दोन्हीकडे चालू करा. ते बंद असेल तर झूम लांबलेल्या स्वराला गोंगाट समजून दाबतं आणि मुलाने पेडल लवकर सोडलं असं वाटतं. ते चालू करून इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणारी सोय) बंद केलं, तर हेडफोन मात्र हवेतच.

रेकॉर्डिंग

फोनवर १०८० रिझोल्यूशनचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी खातो. २० विद्यार्थ्यांचे आठवड्याला दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ ठेवले तर १५ जीबी पाच-सहा आठवड्यांत, कधी त्याआधीच संपते. सरावासाठी ७२० पुरे. महिनाअखेरीस प्रत्येकाचा एक व्हिडिओ ठेवा, बाकीचे पुसा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आणि नोटेशन दोन्ही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. एरवी ते दाबले जातात: व्हिडिओत डायनॅमिक्स सपाट होतात, फोटोत फिंगरिंगचा ३ आणि ५ ओळखू येत नाही.

एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडसाठी (व्हिडिओ पाठवून द्यायच्या परीक्षेसाठी) चारही कृती एका सलग टेकमध्ये हव्यात, जोडकाम चालत नाही. रेकॉर्डिंगआधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि किमान ५ जीबी जागा मोकळी आहे ना ते पाहा. तिसऱ्या कृतीत फोन आला किंवा जागा संपली तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागतं, आणि दुसरा टेक सहसा पहिल्याइतका ताजा नसतो.

मुलांचे व्हिडिओ ठेवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील सगळे मूल धरले आहेत. साठवणं आणि जाहिरातीसाठी वापरणं यांच्या संमती वेगवेगळ्या घ्या.

बॅकअप आणि निरोप

ड्राइव्ह लॅपटॉपशी जोडला म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या दोन फाइली उघडून पाहा. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा. त्याच दिवशी शीटमध्ये पियानोची ओळही भरा: ट्यूनिंगची तारीख, चिकटलेल्या कीज, खोलीतली आर्द्रता. कोकणात आणि गोव्यात पावसात लाकूड फुगतं आणि नंतर आकसतं, म्हणून ट्यूनरला हवा कोरडी होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर बोलवा. तारखा लिहिलेल्या असल्या की त्यालाही पियानोचा स्वभाव कळतो.

विद्यार्थी क्लास सोडतो तेव्हा त्याचं डॉक्युमेंट पीडीएफ करून पालकांना द्या. पुढच्या शिक्षकाला त्याचा फार उपयोग होतो. मग शेअरिंग काढा, व्हिडिओ पुसा, हिशेबाच्या ओळी तशाच ठेवा आणि फोल्डर ‘जुने’मध्ये हलवा.