गोव्याच्या दमट हवेत सिगार कशा मुरवाव्यात

सिगार मुरवायची, म्हणजे चव खुलावी म्हणून काही वर्षे जपून ठेवायची म्हटली, की पहिला सल्ला मिळतो तो ओलावा देण्याचा. जुलैत पणजीत किंवा फोंड्यात राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? इथे ऐन पावसात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. आपल्याला ओलावा बाहेर ठेवायचा आहे.

आधी निवड. झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली जाड पाने म्हणजे लिजेरो. ती ज्या सिगारीत जास्त, तिच्यात मुरण्यासारखे काहीतरी असते. मुळात सौम्य असलेली सिगार ठेवून ठेवून फिकी पडते, आणि चुरा भरलेली यंत्रावरची तर ठेवूच नका. घ्यायची तर पूर्ण पेटी, म्हणजे तीच सिगार वेळोवेळी चाखून फरक कळतो.

शोभेची लाकडी पेटी पावसाळ्यात फटींतून दमटपणा ओढते. त्यापेक्षा रबरी कडांचा हवाबंद डबा बरा. आत स्पॅनिश सीडर या सुगंधी लाकडाची एखादी फळी आणि ओलावा सोडून-शोषून आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी पाकिटे ठेवा. आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-दोन थेंब पाण्याने नुसते ओलसर करा आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवे. ७१ दिसले तर पुढे प्रत्येक वेळी ४ मिळवून वाचा.

खरा शत्रू वेगळाच. हळकुंडे पोखरणारा तोच बारीक तपकिरी भुंगेरा तंबाखूतही असतो. २४-२५ अंशांच्या वर त्याची अंडी उबतात आणि पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागतात. म्हणून नवी पेटी पिशवीत घट्ट बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. एकदम बाहेर काढली तर वरचे पान तडकते. पुढचा मुक्काम १८ ते २० अंशांत, छोट्या वाइन कूलरमध्ये. रात्रीपुरता चालणारा एसी मे महिन्यात पुरत नाही. वीज गेली तर कूलरचे दार उघडून बघत बसू नका.

आता चव. ताज्या सिगारीला कधी कधी अमोनियाचा उग्र दर्प असतो; काही महिन्यांत तो उडून जातो. दोन-तीन वर्षांत मिरीचा झणका उतरतो, तुरटपणा मऊ होतो, आणि मागे दडलेला कोको, सुकामेवा, लाकडाचा गोडवा पुढे येतो. वेगवेगळ्या पानांचे स्वाद सुटे-सुटे न लागता एकजीव होतात. त्यानंतर मात्र जोर ओसरत जातो, सुगंधी तेले उडतात. दहा वर्षांच्या सिगारीत नजाकत असते, पण दम शोधावा लागतो. मला विचाराल तर तीन ते पाच वर्षे पुष्कळ झाली. मऊ होते ती चव, अपाय नव्हे: धूर गिळला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

डब्यावर ठेवल्याची तारीख लिहा, सहा महिन्यांनी एक काढा, दोन ओळी टिपून ठेवा. सलग दोनदा फिकी लागली तर पेटी संपवायला घ्या. आणखी थांबून गेलेली चव परत येत नाही.