फिरता रंगमंच ड्राइव्हला जोडण्याआधी

रंगमंचाच्या या फिरत्या चकतीवर कलाकार उभे राहणार आहेत, तेही ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे पूर्ण अंधारात. म्हणून कुठलीही कंट्रोलची तार तुटली, सुटली, तरी रंगमंच थांबलाच पाहिजे. सगळी तयारी हे धरूनच करा.

सुरुवात मोटरच्या नेमप्लेटपासून. धूळ पुसून ती नीट वाचा. २३०/४१५ व्होल्ट, डेल्टा/स्टार (मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, जोडण्याच्या दोन पद्धती) असं लिहिलेलं असेल आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं उपकरण, सिंगल फेजवर चालणारा असेल, तर त्यातून निघणारे तीन फेजही २३० व्होल्टचेच असतात. म्हणजे मोटर डेल्टात हवी. टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या बघा. तीन टोकं आडवी एकत्र बांधलेली असली की स्टार, तीन उभ्या पट्ट्या असल्या की डेल्टा. इथे चुकून स्टार राहिला तर रिकामी चकती छान फिरते आणि नेपथ्य चढवलं की जागेवर अडते. हीच डेल्टातली मोटर ४१५ वर जोडली तर मात्र वाइंडिंगच जळतं. त्यामुळे पट्ट्या दोनदा तपासा, दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाकडून.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा तो ड्राइव्हच्या तारा सोडवूनच. मोटरसाठी शिल्डवाली चार कोअर केबल घ्या, अर्थिंग वेगळं आणि पक्कं करा. २४ व्होल्टच्या कंट्रोल वायर पॉवर केबलसोबत एका पाइपात घालू नका; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. तारेच्या प्रत्येक टोकाला फेरूल (टोकावर दाबून बसवायची छोटी नळी) आणि नंबर हवाच. दौऱ्यात ही जोडणी दर प्रयोगाला सुटते आणि पुन्हा बांधावी लागते, तेव्हा आठवणीवर विसंबून चालत नाही.

लिमिट स्विच (चकती ठरलेल्या जागी पोचली की दाबला जाणारा) आणि विंगेतलं लाल इमर्जन्सी बटण, दोन्ही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेल्या आणि दाबल्यावर तुटणाऱ्या, संपर्कावर घ्या. ती तार मुद्दाम सोडवून बघा, मोटर थांबायला हवी. चकतीवर दिवे असतील तर मधोमध स्लिप रिंग (फिरत्या भागाला सतत वीज पोचवणारी कडी) लागेल. अर्धा फेरा जाऊन परत यायचं असेल तर केबलला पुरेशी ढील पुरते.

पुन्हा हात घालायचा असेल तर मेन बंद केल्यावर ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं पूर्ण जाऊ द्या, आतले कपॅसिटर भरलेले असतात.

पहिली चाचणी मोटर आणि चकती जोडणारी चेन काढून, कमी स्पीडवर, एक जण इमर्जन्सी बटणापाशी उभा करून घ्या. दिशा उलटी आली तर मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. ड्राइव्हला येणारे फेज बदलून दिशा बदलत नाही.